पिल्लाची आई कुठे आहे?

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास आपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर येऊन बसलात, तर मैदानात क्रिकेटची जाळी लागण्याआधीच कुत्र्यांची फेरी सुरू झालेली दिसेल. एखादा धिप्पाड लॅब्रॅडोर मालकाला ओढत नेत असतो. चपट्या तोंडाचा पग दहा पावले चालून धापा टाकत बसतो. निळ्या डोळ्यांचा हस्कीही हल्ली दिसतो. सायबेरियाच्या बर्फातले हे जनावर दादरच्या दमट हवेत जीभ बाहेर काढून उभे असते. कट्ट्याच्या कडेला मात्र वेगळीच मंडळी निवांत पसरलेली असतात. त्यांच्या कानाचा तुकडा कापलेला असतो. ही रस्त्यावरची कुत्री, म्हणजे आपली गावठी. कानाची ती खूण म्हणजे नसबंदी झाल्याची पावती. रस्त्यावरच्या मादीला किती पिल्ले व्हावीत, याची काळजी सरकार २००१ च्या नियमांपासून आणि अलीकडे २०२३ च्या नियमांनी करीत आले आहे. पट्ट्यातल्या मादीची काळजी कोण करतो?

पट्टा धरणाऱ्या गृहस्थांना सहज विचारून पाहा. पिल्लू कुठून आणले, किती दिवसांचे होते, बाप कोणता, हे सगळे ते हौसेने सांगतील. बाप बहुधा कुठल्यातरी प्रदर्शनातला विजेता असतो. आई कुठे आहे, कशी आहे, तिचे हे कितवे वेत, हे विचारले की बहुतेकजण गप्प होतात. तिला कुणी पाहिलेलेच नसते. पिल्लू एखाद्या पिशवीतून, टोपलीतून, गाडीच्या मागच्या आसनावरून घरी आले. आज मला आपल्याशी या न पाहिलेल्या आईविषयी बोलायचे आहे.

प्रथम तिच्या शरीराचा हिशेब समजून घेऊ. कुत्री साधारण सहा महिन्यांपासून वर्षभराच्या आत पहिल्यांदा माजावर येते. थोराड जातींत याहून उशीर लागतो. पुढे सहा-सात महिन्यांनी माज पुन्हा येत राहतो, म्हणजे ढोबळ मानाने वर्षातून दोनदा. पहिले आठ-नऊ दिवस रक्तस्राव होतो, पण ती नराला जवळ येऊ देत नाही. त्यानंतरचे आठ-नऊ दिवस येऊ देते. गर्भ राहिला तर सुमारे ६३ दिवसांनी ती विते. मग सहा-आठ आठवडे दूध पाजणे आले. आता आपणच बेरीज करा. दर माजाला नर लावला, तर वर्षातले जवळजवळ आठ महिने ती गाभण तरी असते किंवा दूध तरी पाजत असते. पहिल्या माजालाच नर लावला, तर जिची स्वतःचीच वाढ पुरी व्हायची आहे अशा पोरीच्या अंगावर सहा-सात पिल्ले लोंबकळतात. लहान जातीच्या कुत्रीला दूध उतरू लागले की रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरते, ती थरथर कापू लागते, आणि वेळीच सलाईन लागले नाही तर काही तासांत दगावते. घरच्या कुत्रीला असे झाले तर माणसे टॅक्सी करून परळच्या दवाखान्यात धाव घेतात. जिथे एका खोलीत दहा माद्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या आहेत, तिथे रात्री दोन वाजता कोण उठून पाहणार?

हे सारे फक्त दूर कुठेतरी शेडमध्ये धंदा करणारे लोक करतात, असे आपण समजत असाल तर ते अर्धेच खरे आहे. पुष्कळ पिल्ले आपल्यासारख्यांच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये जन्मतात. घरात एक लाडकी मादी असते. ती दोन वर्षांची झाली की शेजारीपाजारी म्हणू लागतात, “अहो, एकदा तरी होऊ द्या की पिल्ले तिला! नाहीतर आजारी पडेल बिचारी.” मग नराच्या मालकाशी बोलणे होते. त्याला रोख रक्कम द्यायची किंवा वेतातले त्याच्या पसंतीचे एक पिल्लू द्यायचे, असा रिवाज आहे. बाकीची पिल्ले ओळखीत विकली जातात. पहिल्या वेताचा पैसा हातात आला की दुसऱ्या वेताचे कारण शोधावे लागत नाही.

यात पैशाची गोष्ट मी बाजूला ठेवतो. पण “एक वेत झाले की मादीची तब्येत सुधारते” ही समजूत मात्र साफ खोटी आहे, आणि ती चांगल्या, मायाळू माणसांच्या घरात घर करून बसलेली आहे म्हणून ती खोडलीच पाहिजे. मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा एक भयंकर रोग आहे. माज संपल्यावर, गर्भ राहिलेला असो वा नसो, तिच्या रक्तात दोन महिने एका संप्रेरकाचे प्रमाण चढलेले राहते. वर्षानुवर्षे असे होत गेले की गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि तिथे जंतूंना आयते घर मिळते. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांची मोठी पाहणी झाली होती. तिच्यात असे दिसले की शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा दहा वर्षांच्या आत या रोगाने गाठला. एका बाळंतपणाने हा धोका टळत नाही. गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले की टळतो. कुत्रीला मातृत्वाची हुरहूर असते असे आपण मानतो, ते आपल्या मनातले तिच्यावर लादलेले असते.

आता कायद्याकडे वळू. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला मुख्य कायदा १९६० चा. त्याच्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती. राज्यसभेत १९५३ साली त्यांनी खाजगी विधेयक आणले, पंतप्रधान नेहरूंनी सरकारी कायदा करण्याचे आश्वासन दिले, आणि सात वर्षांनी तो झाला. १९६२ साली त्या कायद्याखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या अध्यक्षाही रुक्मिणीदेवीच होत्या. मात्र कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे वेगळे नियम यायला २०१७ साल उजाडावे लागले. पन्नासहून अधिक वर्षे या धंद्याला कसलाच खास नियम नव्हता; कोंबड्यांच्या खुराड्याला नगरपालिकेची परवानगी लागे, कुत्र्यांच्या खुराड्याला लागत नसे, असे कुणी म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या २०१७ च्या नियमांचे सार सांगतो. पिल्ले काढून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मंडळाची माणसे जागा पाहून जातात. नोंदणीचा दाखला जागेवर दिसेल असा लावायचा. मादी निरोगी आणि किमान अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला नर लावायचा नाही. लागोपाठच्या दोन माजांत लावायचा नाही. सगळ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घ्यायची नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत विकायचे नाही. विकण्यापूर्वी त्याला लस टोचायची आणि कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवायची, म्हणजे पुढेमागे हे कुत्रे कुणाकडून आले ते कळावे. प्रत्येक नर-मादीची, प्रत्येक वेताची, विकलेल्या आणि मेलेल्या पिल्लांची वही ठेवायची. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, दुकानांसाठीही असे नियम आले.

वर मी जो मादीच्या शरीराचा हिशेब मांडला, तो आता या अटींशेजारी ठेवून पाहा. प्रत्येक अट त्या हिशेबातून निघाली आहे, हे आपल्या लक्षात येईल.

आठ आठवड्यांच्या अटीपाशी मात्र थोडे थांबू या, कारण मुंबईच्या बाजारात एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते: “पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू आहे, साहेब, एकदम तयार.” पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. मधल्या अकरा दिवसांत काय मोठेसे बिघडते, असे आपल्याला वाटेल. विक्रेत्याच्या दृष्टीने ते अकरा दिवस फार महाग असतात. पिल्ले आता आईच्या दुधावर नसतात, सहा तोंडे दिवसातून चार वेळा खातात, घाण करतात, आणि गोंडसपणा रोज थोडा कमी होत जातो. पिल्लाच्या दृष्टीने हे दिवस निराळे आहेत. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरत असते आणि लस अजून पुरती लागू पडलेली नसते. १९७८ च्या आसपास जगभर पसरलेला पार्व्हो नावाचा विषाणू याच फटीतून शिरतो. रक्ताची हगवण, उलट्या, आणि चार दिवसांत खेळ खलास. मुले रडतात, वडील विक्रेत्याला फोन लावतात, तो म्हणतो, “माझ्याकडे ठणठणीत होते.” शिवाय, चावा किती जोरात घेतला की दुसऱ्याला दुखते, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकते. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली दाखवून दिले की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान कुत्र्याचा स्वभाव घडतो. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू पुढे घरच्या मुलांना चावते, तेव्हा आपण ‘जातच वाईट’ म्हणून मोकळे होतो.

इथे आणखी एक घोळ दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक सांगतात, “आमच्याकडे केनेल क्लबचे कागद आहेत.” केनेल क्लबचा कागद म्हणजे वंशावळ. आजोबा-पणजोबांची नावे त्यात असतात, आणि ती काळजीपूर्वक वाचावीत. एकच नाव बापाच्या आणि आईच्या अशा दोन्ही बाजूंना आले असेल तर नात्यातल्या नात्यात जोडी लावली गेली आहे हे समजते. पण आई कशा जागेत राहते, तिला कितवे वेत झाले, याचा तो दाखला नव्हे. तो दाखला राज्याच्या मंडळाचा. हे दोन कागद वेगळे आहेत, आणि खानदानी कागदाच्या आड दुसरा कागद नसल्याचे झाकून जाते.

आता जे नवे प्रकरण आले आहे, त्याकडे येतो. कृत्रिम रेतन ही काही आजची गोष्ट नाही. इटलीतला पाद्री-शास्त्रज्ञ स्पालांझानी याने १७८० च्या सुमारास एका स्पॅनियल कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडले; ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. सस्तन प्राण्यांतला हा पहिला नोंदलेला प्रयोग. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाने दुधाचा केवढा धंदा उभा राहिला, हे वेगळे सांगायला नको. कुत्र्यांतही याचा चांगला उपयोग आहे. मादीचे बीज सुटल्यावर ते पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात, त्यामुळे नुसते दिवस मोजून जोडी लावली तर पुष्कळदा चुकते. प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाची रक्तातली पातळी मोजली तर नेमका दिवस कळतो. पिल्ले कधी होणार तेही त्यावरून सांगता येते, आणि सिझेरियन अवेळी होत नाही. ही पशुवैद्यकाची मदत आहे आणि ती हवीच.

हेच ज्ञान नफ्याच्या हाती गेले की काय होते, ते इंग्लंडमध्ये दिसले. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे कुत्र्यांसाठी ‘फर्टिलिटी क्लिनिके’ शेकड्यांनी निघाली. पुष्कळ ठिकाणी पशुवैद्य नव्हताच. कुणी गॅरेजमध्ये, कुणी दुकानाच्या माडीवर रक्त काढीत असे, नळी घालीत असे. मागणी मुख्यतः चपट्या तोंडाच्या बुलडॉगला. ही जात माणसाने इतकी रुंद खांद्याची, मोठ्या डोक्याची आणि आखूड पायांची घडवली आहे की पुष्कळशा नरांना स्वतः जोडी लागता येत नाही आणि माद्यांना स्वतः विता येत नाही. इंग्लंडमधल्या एका पाहणीत बुलडॉगांची ऐंशी टक्क्यांहून जास्त वेते पोट फाडून झालेली आढळली. म्हणजे जन्माच्या दोन्ही टोकांना माणसाचा हात. निसर्गाने जिथे दार लावून घेतले असते, तिथे आपण क्लिनिक उघडून ते पुन्हा उघडतो आणि त्याच दोषाची पुढची पिढी बाहेर काढतो. जो प्राणी जोडी लावू शकत नाही आणि विऊही शकत नाही, त्याची वीण मुद्दाम वाढवायला तंत्र वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारी मादीला मदत करणे आणि आजाराची पैदास करणे या दोहोंत फरक आहे.

आपल्याकडेही रक्ततपासणी, कृत्रिम रेतन, गोठवलेले वीर्य या सोयी मोठ्या शहरांत आल्या आहेत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा धंदा नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचा आहे. तेव्हा कुणी ‘अनुभवी ब्रीडर’ घरी येऊन इंजेक्शन टोचतो, ‘माजावर आणून देतो’ म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

मुंबईच्या हवेत हा प्रश्न अधिक तीव्र का, तेही पाहा. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकतो. जिभेवरून, नाकातल्या ओल्या पडद्यावरून वारा खेळतो, ओल उडून जाते आणि रक्त थंड होते. पगच्या तोंडात हा पडदाच आखूड, नाकपुड्या चिंचोळ्या, घशात जास्तीचे मांस. त्यात ऑक्टोबरची किंवा मे महिन्याची दमट हवा, जिच्यात ओल उडतच नाही. म्हणून तो दहा पावलांत बसतो. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागोमाग जाणारा पग झळकला आणि बघता बघता गल्लोगल्ली पग दिसू लागले. मागणी एका महिन्यात वाढते. मादीचे गर्भाशय मात्र ६३ दिवसांचेच काम करते. तेव्हा ती वाढलेली मागणी पुरी कशी झाली असेल, याचे उत्तर आपण मघाच्या बेरजेत शोधा. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून, ज्याच्या तोंडाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक-तृतीयांशाहून कमी आहे अशा कुत्र्याची वीण घ्यायला बंदी आहे. तिथली हवा आपल्याहून कितीतरी थंड आहे, तरीही!

कुत्र्याच्या जिवाला किंमत बांधली की माणसे काय करतात, हे या शहराने फार पूर्वी पाहिले आहे. १८३२ साली मुंबई सरकारने भटकी कुत्री मारण्यासाठी बक्षीस लावले होते. कुत्र्यामागे पैसे मिळतात म्हटल्यावर पकडणारे लोक घरात शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. जूनमध्ये फोर्टात पारशी मंडळींनी उठाव केला, हिंदू, जैन, मुसलमानही त्यात उतरले. दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले, आणि १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय. तेव्हा किंमत मरणाला होती. आज जन्माला आहे.

मग नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय? १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये ठेवला होता. तो अजून तेवढाच आहे. १९६० साली पन्नास रुपये ही कारकुनाच्या पगाराला भोक पाडणारी रक्कम होती. आज त्यात कट्ट्यावर दोघांचा चहा-वडा होईल न होईल. म्हणून नियमांची खरी धार दंडात नाही, नोंदणीत आहे. नोंदणी नसेल तर विक्री बेकायदा, आणि नियम मोडला तर नोंदणी रद्द. पण नोंदणी विचारणारा गिऱ्हाईकच नसेल, तर मंडळाच्या मूठभर माणसांनी कुठल्या कुठल्या सोसायटीचे जिने चढावेत? पिल्लू घरपोच आणून देतो म्हणणाऱ्याला एवढेच सांगावे की आम्ही तुमच्याकडे येतो. पिल्लू त्याच्या आईच्या कुशीत बघायचे आहे. इंग्लंडने २०२० सालच्या एप्रिलपासून नेमका हाच कायदा केला. लूसी नावाच्या एका कुत्रीची वेल्समधल्या पैदास केंद्रातून पाठ वाकलेल्या स्थितीत सुटका झाली होती, तिच्या नावाने तो ओळखला जातो. सहा महिन्यांखालचे पिल्लू तिथे मधल्या दलालाला विकता येत नाही. विकणाऱ्याने आईसह दाखवायचे.

आमच्या सांगली-कोल्हापूर-लातूरकडच्या करवानी कुत्र्यांविषयी दोन शब्द सांगायचे राहिले. लांब पायांची, निमुळत्या तोंडाची ही शिकारी जात. मुधोळच्या घोरपडे राजांनी तिची शाखा नावारूपाला आणली आणि २००५ साली तिचे टपाल तिकीटही निघाले. ही कुत्री स्वतः जोडी लावतात आणि बहुधा स्वतः वितात. हल्ली त्यांनाही शहरात मागणी येऊ लागली आहे. ती जशी वाढेल तसे पगचे जे झाले ते त्यांचे होऊ नये, एवढी खबरदारी तिकडच्या पाळणाऱ्यांनी घ्यायची आहे. नियम त्यांनाही लागू आहेत.

शेवटी त्या आईकडे येऊ. पाच वेते झाली, ती सहा-सात वर्षांची झाली. अजून पाच-सहा वर्षे ती जगेल. पैदास करणाऱ्याच्या हिशेबात आता ती नुसता खर्च असते. अशा माद्या प्राणिमित्र संस्थांकडे येतात, काही महामार्गाच्या कडेला सोडलेल्या सापडतात. स्तन लोंबलेले, दात झिजलेले, नखे वाढलेली, कारण पिंजऱ्याच्या जाळीवर उभे राहून नखे घासली जात नाहीत. घरी आणल्यावर अशा कुत्रीला जिना चढता येत नाही, कारण तिने जिना पाहिलेलाच नसतो. लिफ्टचा आवाज झाला की ती लघवी करते. गवतावर पाय ठेवायला घाबरते. पहिले पंधरा दिवस ती पलंगाखालून बाहेर येत नाही. मग एके रात्री, घरातले दिवे मालवल्यावर, येऊन भांड्यातले पाणी पिते. तिला घरी आणायची तयारी असेल तर पहिल्या आठवड्यात फिरायला नेण्याचा आग्रह करू नका, भांडे पलंगाजवळच ठेवा, आणि दवाखान्यात प्रथम तिचे दात आणि गर्भाशय तपासून घ्या.